पंखाच्या आतली वहिनी

पोलंडमधल्या आमच्या भागाची ताकद काय, असं विचारायला प्रांताच्या कचेरीतून एक टाय लावलेला गडी आला होता. पडद्यावर त्यानं दोन रकाने पाडले, एक 'ताकद', दुसरा 'वाढीच्या संधी'. आमचे मालक ओझुगसाहेब त्याला सांगत होते, मिएलेत्सच्या आसपास आजोबांपासून विमानं बांधणारी घरं आहेत, इथली पोरं रांगायच्या आधी रिव्हेट ओळखतात. मी मागे उभी राहून कॉफी पीत होते. म्हटलं, रांगायच्या आधी पोरं आईशिवाय काही ओळखत नाहीत, पण चालू द्या तुमचं.

मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही मारिओला आणि हिची वहिनी लुत्सिना. अशी जोडी सबंध खोऱ्यात नाही. यांच्या कामावर तपासनीस लागत नाही. यांना स्वतःचा शिक्का दिलाय आम्ही."

टायवाल्यानं ते पहिल्या रकान्यात लिहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रिव्हेट म्हणजे पत्रे जोडायची बिनआट्याची खीळ, ती मारायला दोघं लागतात. मी बाहेरून गन चालवते. वहिनी विमानाच्या शेपटीच्या पंखात एका भोकातून सरपटत शिरते आणि आतून पोलादी ठोकळा दाबून धरते. मध्ये पत्रा. एकमेकींचं तोंड दिसत नाही, आणि आवाज असा की ओरडून उपयोग नाही. म्हणून ती पत्र्यावर ठोकून सांगते. एक ठोका म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे वाया गेलं, काढून टाक. आतल्या कोपऱ्यात रिव्हेट नीट बसला का हे तिला दिसत नाही, ती बोट फिरवून ओळखते. मी अंगानं आडवी, त्या भोकात माझा खांदासुद्धा जायचा नाही. वहिनी काडीसारखी. माझा भाऊ रीशेक होता तेव्हा म्हणायचा, बायको मी केली आणि उपयोग बहिणीला झाला. तो गेल्यावर आम्ही दोघी घरी पुष्कळ भांडलो. पत्र्याच्या दोन बाजूंना मात्र कधी वाकडं आलं नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी दर वर्षीसारखी तिच्याकडे जेवायला गेले. वहिनीच्या पिएरोगी, म्हणजे पाण्यात उकडायच्या करंज्या, काय सांगू, काठ असा मुडपलेला की शिलाई मशीननं लाजावं. या वेळी उकळत्या पाण्यात सोडल्या आणि एकजात सगळ्या उकलल्या. कोबी आणि अळंबी पातेलंभर तरंगायला लागली.

"पीठच मेलं भिकार आहे," वहिनी म्हणाली.

"आत्या, आईनं या वर्षी सूप केलंय, बघ!" तिची मुलगी दागमारा खिदळली.

मला हसू आलं नाही. वहिनी काठ मुडपत असताना मी पाहिलं होतं, ती बोटांकडे टक लावून बघत होती. एरवी ही बाई गप्पा मारता मारता, न बघता मुडपते. मग तिनं पातेलं नुसत्या हातांनी कडेला धरून उचललं, सावकाश बाजूला ठेवलं, आणि ठेवल्यावर हातांकडे बघितलं. तळवे लाल झाले होते. बोटं मेणासारखी पांढरी. मी नुसतीच बीटाचं सूप पीत बसले.

सुट्टी संपल्यावर मी कामावर जरा लवकर गेले. आरसा आणि बॅटरी घेतली. आमचे तीन पंख तयार होऊन शेडच्या टोकाला उभे होते, शुक्रवारी ट्रकमध्ये चढायचे होते. भोकातून हात घालून जिथवर आरसा पोचला तिथवर पाहिलं. बरेचसे रिव्हेट ठीक होते. काही एका अंगाला कलंडले होते, काही पुरते चपटेच झाले नव्हते. आणि खाली शिक्का, आमच्या दोघींचा, स्वच्छ ठसठशीत.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिला गाठलं.

"वहिनी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आडून बोलू नकोस. बोटांत काही कळत नाही ना तुला?"

तिनं आधी दार लावलं. "ठोकळ्याच्या हादऱ्यांनी झालंय. थंडीत कमी कळतं. उन्हाळ्यात बरं असतं."

"मग हिवाळ्यात काय अंदाजे ठोकतेस?"

"आवाजावरून समजतं मला. इतकी वर्षं काय झक मारली का मी आत?"

"अगं, विमान आहे ते! हातगाडी नाही!"

"हळू बोल." ती बाकावर बसली. तिच्या शर्टाचं वरचं बटण उघडंच होतं. "मारिओला, ऐक. मंगळवारी कॅनडाचे पाहुणे येतायत. त्यांची ऑर्डर मिळाली की नवी शेड उभी राहणार, नव्या पोरी घेणार. त्यांना शिकवायला साहेबांनी मला शब्द दिलाय. शिकवायला बोटं लागत नाहीत, तोंड लागतं, आणि ते अजून शाबूत आहे. मला फक्त एक आठवडा दे. पाहुण्यांची सही होऊ दे, मग मी स्वतःहून सांगते."

"आणि शुक्रवारी जाणारे ते तीन?"

"तिकडे बघतीलच की कुणी."

"कोणी बघत नाही, वहिनी. शिक्का बघतात आणि पुढे ढकलतात. त्यासाठीच तर दिलाय."

ती म्हणाली, "आता कळलं तर ऑर्डर गेली, शेड गेली, मीही गेले. या हातांना दुसरीकडे कोण दारात उभं करील? सकाळी बटणंसुद्धा दागमारा लावून देते. एक आठवडा, मारिओला. रीशेकची शपथ आहे तुला."

शपथ घालायला नको होती तिनं. त्याचा मला आजही राग आहे.

गुरुवारी आम्ही चौथ्या पंखावर काम केलं. मी गन चालवली, आतून दोन ठोके. पुन्हा गन, पुन्हा दोन ठोके. प्रत्येक वेळी वाटे, हे खरं की नुसतं म्हणायचं म्हणून? तिला तरी ठाऊक असेल का? दुपारी मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि गन खाली ठेवली. जे पंख आधीच गेले, जे आता आकाशात असतील, ते डोळ्यांपुढून हलेनात. त्यांत बसलेल्या कुणालाच मी ओळखत नव्हते. वहिनीला ओळखत होते, हाच तर सगळा घोटाळा.

शुक्रवारी सकाळी ट्रक मागे येताना टीं टीं करत होता. मी सरळ ओझुगसाहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, ट्रक थांबवा. पंखात खराब रिव्हेट आहेत. आमचे."

त्यांचा चेहरा उतरला. "बाई, मंगळवारी पाहुणे येतायत! तुला आजचाच मुहूर्त मिळाला?"

"ट्रक आज निघतोय म्हणून आज."

त्यांनी मला, माझ्या जोडीला आणि एकूणच रिव्हेट या वस्तूला भरपूर शिव्या दिल्या. पण कोट न घालता शेडमध्ये धावले, स्वतः आरसा घालून पाहिलं आणि ट्रक परत पाठवला. माणूस वाईट नाही तो. परत आल्यावर दार लावून त्यांनी विचारलं, "लुत्सिनाला हे ठाऊक होतं?"

नाही म्हणता आलं असतं. तिलाही आत्ताच कळलं, एवढं एक वाक्य बोलले असते तर ती नुसती आजारी बाई ठरली असती. पण मग गेलेल्या पंखांचं काय? त्यांतले हिवाळ्यातले कोणते, ती आवाजावरून ठोकायला कधी लागली, हे तिच्याशिवाय कोण सांगणार होतं? तिला काही ठाऊकच नव्हतं म्हटल्यावर तिला कोणी विचारलंच नसतं.

"होतं," मी म्हटलं.

वहिनीला खोलीत बोलावलं तेव्हा ती माझ्या शेजारून गेली. थांबली नाही. तिनं साहेबांना सगळं सांगितलं, अगदी कुठल्या पंखापासून ते.

पुढचं म्हणाल तर सगळं छान झालं. छान! साहेबांनी पाहुण्यांपुढे स्वतःच पाढा वाचला, आणि पाहुणे खूश. गेलेले पंख तपासायला मागवले, कुठे काही विपरीत घडलेलं नव्हतं. सही झाली. टायवाला पुन्हा आला आणि त्यानं पहिल्या रकान्यात भर घातली, 'स्वतःची चूक स्वतः सांगणारे कामगार'. मला म्हणाला, तुमचा फोटो हवा. मी म्हटलं, तुला कुठं घालायचाय तिथं घाल.

वहिनीला काढलं. माहीत असून शिक्का मारला, असं कारण. पाहुण्यांची अट होती, ती त्यांच्या कामावर कुठल्याच नात्यानं नको, शिकवायलासुद्धा नको. ती जागा मला दिली. मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. "जागा तिची आहे!"

"माझ्या हातात नाही, मारिओला. तू नाही घेतलीस तर बाहेरचा कोणी आणीन."

मी घेतली. बाहेरच्याला काय कळतंय, असं लोकांना सांगत फिरले. खरं म्हणजे मला ती हवीही होती. वहिनीच्या दारी मी तीनदा जाऊन आले. शेवटच्या खेपेला ती दाराआडून म्हणाली, "घरात सगळं आहे, काही नको." साखळी काही निघाली नाही.

नव्या शेडमधल्या पहिल्या वर्गात पोरी बारीक अंगाच्याच निवडल्या होत्या. सगळ्यांत मागच्या बाकावर, कोट न काढता, दागमारा बसली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ठोक्यांची भाषा शिकवायला घेतली तसा तिनं हात वर केला.

"मॅडम, एक विचारू?"

माझी भाची मला मॅडम म्हणाली. "विचार."

"जोडीदारानं एक आठवडा मागितला तर द्यायचा का?"

बाकीच्या पोरींना काही पत्ता नव्हता. एक च्युइंगम चघळत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"नाही."

"जोडीदार घरचाच असला तर?"

"तरी नाही."

"आणि पुन्हा तीच वेळ आली तर?"

"तरी नाही, दागमारा! किती वेळा विचारशील?"

तिनं मान हलवली. उठून कोट काढला आणि बाकाच्या पाठीला अडकवला.

"आईनं विचारायला सांगितलं होतं. म्हणाली, आत्या रडायला लागली, माफी मागून उत्तर फिरवायला लागली, तर सरळ उठून घरी ये. असल्या बाईच्या भरवशावर मी तुला पंखात शिरू देणार नाही."

"आणि नाही फिरवलं तर?"

"तर तिच्याकडेच शीक म्हणाली." दागमारा खाली बघून बाही दुमडत होती. "पण तिला घरी आणू नकोस, असंही म्हणाली."