कानसेनची सुटका

सैन्यात शिरायला एक सही पुरते, बाहेर पडायला मात्र अख्ख्या छावणीच्या सह्या लागतात. भांडाराची, मुदपाकखान्याची, धोबीखान्याची, वाचनालयाची. ज्याने उभ्या जन्मात पुस्तकाला हात लावला नाही, त्यालाही ग्रंथपालाकडून लिहून आणावं लागतं की याच्याकडे आमचं पुस्तक नाही. आणि ग्रंथपाल नेमका जेवायला गेलेला असतो. ही रीत ज्याने काढली त्याला एकदा तरी या रांगेत उभं करायला हवं होतं.

कानसेन असाच कागद हातात घेऊन खोल्या पालथ्या घालत होता. हे त्याचं टोपणनाव. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणं हे त्याचं काम. कानाला हेडफोन, हातात लांब दांड्याचं यंत्र. खाली लोखंड आलं की यंत्र हेडफोनमध्ये बारीक, उंच आवाजात किंचाळतं. दुसऱ्यांना कळायच्या कितीतरी आधी ती किंचाळी त्याला कळायची, म्हणून पलटणीने त्याला कानसेन करून टाकलं.

आता ती त्याला ऐकूच येत नव्हती. गेल्या हिवाळ्यात अगदी जवळ स्फोट झाला. त्यानंतर माणसांचं बोलणं, गाड्यांची घरघर हळूहळू परत आली, पण तेवढा तो बारीक आवाज गेला तो गेलाच. पुढे नव्या पोरांना शिकवायला त्याला छावणीतच ठेवलं, म्हणून निभावलं. पोरं यंत्र चालवायची, हा नुसता हात कसा फिरवायचा ते दाखवायचा. शिकणाऱ्यांत त्याचा सख्खा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्यालाही त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

गप्प राहायला कारण होतं. कान गेला म्हणणाऱ्याची रवानगी मोठ्या इस्पितळात व्हायची आणि तिथे डॉक्टरांचं मंडळ त्याच्या मनात येईल तेव्हा बसायचं. तिथे गेलेली माणसं तिथेच म्हातारी होतात, असं बराकीत म्हणत. इकडे त्याची नोकरीची मुदत संपत आली होती. बायकोने फोनवर निक्षून सांगितलं होतं, "काही आणू नका. स्वतःला तेवढं आणा." तेव्हा धडधाकट म्हणून शिक्का घ्यायचा आणि गुपचूप फाटकाबाहेर पडायचं, असं त्याने ठरवलं.

कानांच्या तपासणीची पद्धत अशी की डॉक्टर पाठीमागे उभे राहून एकेक शब्द कुजबुजणार आणि आपण तो मोठ्याने म्हणायचा. शब्द आजोबांच्या काळापासून तेच. बादली, कंदील, पायरी, दोरी, वाघ. बराकीत जेवणाची वेळ कळायच्या आधी पोरांना हे शब्द पाठ व्हायचे. कानसेनच्या मानेला डॉक्टरांचा श्वास लागत होता, पण इतक्या हळू आवाजातला शब्द एकही कळत नव्हता. श्वास लागला की तो पुढचा शब्द म्हणायचा. "वाघ," म्हणून झालं तेव्हा डॉक्टर खूश झाले.

"कान आहेत की सोनं!" म्हणाले, आणि पहिल्या श्रेणीचा शिक्का हाणला. बाहेर आल्यावर कानसेनला स्वतःची लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी छावणीचा रंगच पालटला. भांडारवाल्याने त्याचं सामान परत घेतलं नाही. एरवी हा माणूस तुटक्या बकलासाठी सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आज तो गोड आवाजात म्हणाला, "राहू दे रे दोन दिवस तुझ्याकडेच," आणि नजर चुकवून आत गेला. कुठेतरी पाणी मुरत होतं. मैदानात आचारी मोठाली पातेली ट्रकमध्ये चढवत होते. रजेवर गेलेली माणसं पिशव्या घेऊन परत येत होती आणि कुणी कुणाची थट्टा करत नव्हतं. कानसेन घरी फोन लावायला गेला तर फोनच्या खोलीला कुलूप.  तो तडक शेवटच्या सहीसाठी हेडक्लार्ककडे गेला.

हेडक्लार्कने कागद नीट वाचला, घडी घातली आणि खणात ठेवून दिला.

"सही, साहेब?"

"सकाळी आदेश आलाय, पलटण आघाडीवर निघालीय. मुदत संपलेल्यांपैकी सुरुंगवाले जेवढे पहिल्या श्रेणीत आहेत तेवढे थांबणार. बाकीच्यांना सोडलं. छावणीतला तो लंगडा न्हावी, त्याचीही मुदत संपली होती, तो मघाशीच गेला बघ. तुझी श्रेणी जरा खालची असती, तर तूही आत्ता फाटकाबाहेर असतास."

कानसेन टेबलावर वाकला. "साहेब, मला ऐकू येत नाही. यंत्राचा आवाज बिलकूल येत नाही. शपथेवर सांगतो."

हेडक्लार्क हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "आदेश आला की छावणीत बहिऱ्यांची साथ येते, बाबा. सकाळपासून तुझ्यासारखे कितीतरी येऊन गेले. डॉक्टरांनी कालच लिहून दिलंय आणि ते पहिल्या गाड्यांबरोबर पुढे गेले. आता तू नाही म्हणालास तर खोटं बोलून पास झालास, असा अर्थ होतो. त्याला तुरुंग आहे."

"तुरुंग चालेल."

"तुला चालेल रे. पण मग यंत्र कोण धरणार? तुझा मेहुणा. यादीत तुझ्याखाली त्याचंच नाव आहे."

 बायकोच्या भावाला सर्वांच्या पुढे घालून आपण कोठडीत सुखरूप बसायचं, हे कानसेनच्याने होईना. "राहू द्या, साहेब. जातो मी," तो म्हणाला.

संध्याकाळी मैदानात यंत्रांची चाचणी झाली. वाळूत लोखंडाचा तुकडा पुरलेला असतो, त्यावरून यंत्र फिरवून आवाज आला की हात वर करायचा. ट्रकची इंजिनं सुरू होती. मेहुणा त्याच्या पाठीमागेच उभा राहून सोबत्यांना मोठ्याने सांगत होता, "दाजी पुढे आहेत ना, मग डोळे मिटून चला! काही होत नाही."

ते शब्द कानसेनला स्वच्छ ऐकू आले. त्याने यंत्र वाळूवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. हेडफोनमध्ये काही म्हणता काही ऐकू आलं नाही. नुसता हात वर केला असता तर कुणालाच कळलं नसतं, आणि ही सगळी पोरं डोळे मिटून त्याच्या मागे आली असती.  त्याने यंत्र वाळूवर तसंच धरून ठेवलं, हेडफोन काढले आणि मागे वळून मेहुण्याच्या कानांना लावले.

मेहुणा दचकला. "केवढ्याने वाजतंय हे, दाजी!"

मग त्याने कानसेनच्या तोंडाकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि तपासणीत पास झालात?"

"घरी जायचं होतं रे."

 मेहुण्याने हेडफोन नीट बसवले, कानसेनच्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि तो सर्वांच्या पुढे जाऊन उभा राहिला. 

"दाजी, माझ्या पावलावरच पाऊल टाका," तो मागे न बघता म्हणाला. "आणि ताईला यातलं काही सांगू नका."