पांढरीचा डोळा

थोरल्यानं फावड्याचा दांडा धाकट्याच्या पाठीत असा हाणला, की तो तबेल्याच्या दारातच पालथा पडला.

"मुक्या जनावराच्या डोळ्यावर चाबूक ओढतोस?"

"नाही रे दादा! आईशप्पथ नाही!"

"वर तोंड करून खोटं बोलतोस?" दुसरा दांडा मनगटावर बसला. हाड कडकन मोडलेलं आम्हा शेजाऱ्यांना कुंपणापलीकडे ऐकू आलं.

दोघं भाऊ भट्टीवरच्या विटा वाहायचे. गाडीला पांढरी घोडी, गुलाबी पापण्यांची. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तिला तुतीसारखा लालभडक गोळा आला होता. पू गळायचा, माशा हटायच्या नाहीत. थोरला तिला पोटच्या पोरीसारखं जपायचा. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

"भावाचा हात मोडलात," वहिनी दिराच्या मनगटाला फळी बांधत कडाडली, "आता तरी डॉक्टर आणा!"

गुरांच्या डॉक्टरानं पापणी उलटून पाहिली. "हा मार नाही. कॅन्सर आहे. असल्या गोऱ्या पापणीला उन्हानं होतो. डोळा काढून टाकू, जगेल. थांबलात तर हाडात शिरेल, जबड्याखालच्या गाठींत उतरेल, मग छातीत."

थोरल्याचं तोंड काळं ठिक्कर पडलं. भावाकडे बघायची छाती झाली नाही, म्हणून डॉक्टरावरच उखडला. "माझ्या घोडीला आंधळं करता? चालते व्हा!"

अन् डॉक्टराची पाठ वळताच सळई लाल करून त्यानं तो गोळा डागला.

घोडी किंचाळली. दावं तुटलं. पहिल्या लाथेनं थोरला भिंतीवर आदळला, दुसरीनं त्याच्या फासळ्या मोडल्या. ती पुन्हा उसळली, तोच धाकटा एका हातानं तिच्या तोंडावरच्या दोरीच्या मोरकीला लोंबकळला. तिनं त्याला अंगणभर फरपटवलं. त्यानं मोरकी सोडली नाही.

वरची जखम सुकली. थोरला म्हणाला, "बघा, बरी झाली." पण आत रोग पसरतच होता. पावसाळा सरेपर्यंत जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली, श्वास भात्यासारखा चालू लागला. दुखणं अनावर झालं की ती कपाळ भिंतीवर आपटायची, भिंत रक्तानं माखेपर्यंत.

डॉक्टरानं छातीला नळी लावली आणि मान हलवली. "उतरला. आता सुटका तेवढी माझ्या हातात."

सुई टोचताना तिची मान थोरल्याच्या मांडीवर होती. खड्डा त्यानं एकट्यानं खणला, कुणाला कुदळ लावू दिली नाही.

मग एका सकाळी तो स्वतःच गाडीच्या दांड्यांमध्ये शिरला.

"दादा, दुसरं जनावर बघू की," धाकटा म्हणाला. त्याचं मनगट वाकडंच जुळलं होतं.

"माझ्या हाताखाली आता जनावर नको." थोरल्यानं पट्टा छातीवर घेतला. "आणि माणूसही नको. तू पुढं चाल. मी मागून येतो."

धाकटा पुढं गेला नाही. मागं जाऊन त्यानं गाडीला खांदा लावला.