शुक्रवारचा जामीन

"सारंग आणि पळून जाईल? अगं, तो सुटत आलेल्या बससाठीसुद्धा पळत नाही," गिरीश वृंदाच्या कानात म्हणाला आणि कोर्टाच्या बाकावर ऐसपैस रेलून बसला. "लिहून घे माझ्याकडून."

वृंदाने लिहून घेतलं नाही. कोर्टाने ते आधीच लिहून घेतलं होतं.

सारंग हा गिरीशच्या ऑफिसातला पोरगा. शिकाऊ लायसन्सवर एकटाच गाडी घेऊन तो नास गावी गेला आणि तिथल्या चौकात पुढच्या गाडीला हळूच टेकला. पुढची गाडी गार्डांची, म्हणजे पोलिसांची निघाली. तेही निभावलं असतं. पण पुढचा काय विचार आहे, असं कोर्टात विचारल्यावर याने खरं सांगितलं, की कॉन्ट्रॅक्ट संपलंय आणि घरी जळगावला जायचं विमानाचं तिकीट काढलंय, एकेरी. मग कोर्टाला जामीनदार हवा झाला. ते सगळे राहायचे त्या ॲडम्सटाउनच्या मराठी ग्रुपवर मेसेज पडला, त्यावर सगळ्यांनी नमस्काराचे हात टाकले. गिरीशने मात्र लिहिलं, "मी आहे ना."

जामिनापोटी जे पैसे त्याने बँकेत गोठवले, ते डिसेंबरच्या तिकिटांसाठी साठवलेले होते. वृंदाच्या धाकट्या भावाचं, अभिजितचं, पुण्यात लग्न होतं. "अभीच्या लग्नाचे आहेत ते," एवढंच ती म्हणाली होती. पैसे कुठे जातायत, नुसते बसून राहतील, असं गिरीशने तिला समजावलं होतं.

तेवढ्यात सारंगच्या नावाचा पुकारा झाला. मग पुन्हा झाला. एक गार्ड बाहेर जाऊन व्हरांड्यात ओरडून आला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून गिरीशकडे पाहिलं. रागावल्या वगैरे नाहीत. त्यांनी सारंगच्या नावाचं वॉरंट काढलं आणि गिरीशला सांगितलं, की दोन आठवड्यांनी, शुक्रवारीच साडेदहाला, येऊन तुमचे पैसे जप्त का करू नयेत ते सांगा. एवढं सगळं व्हायला चहा निवायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला.

दोघं बाहेर आले तर समोरच्या कॅफेच्या काचेमागे सारंग. पुढ्यात स्कोन, त्यावर जॅम. यांना बघून त्याने हात हलवला.

"झालं का सुरू, दादा?"

"संपलं," गिरीश म्हणाला.

मग उलगडा झाला. सकाळी जळगावहून आईचा फोन होता. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ, कोर्टाचा उंबरा ओलांडायचा नाही. बाराच्या ठोक्याला आत जायचं म्हणून सारंग तासभर आधीच येऊन बसला होता. "आपल्याकडे बाराच्या आत कधी कुणाचं नाव निघतं का, दादा?" त्याच्या काकांचा बांधाचा खटला चालू होता, त्यामुळे कोर्ट म्हणजे काय ते त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"तो राहुकाळ तिकडच्या घड्याळाचा का इकडच्या?" वृंदाने विचारलं.

हे सारंगने विचारलंच नव्हतं. त्याने तिथूनच फोन लावला. आई म्हणाली, गुरुजींना विचारून सांगते.

सारंग आपण होऊन रस्ता ओलांडून हजर झाला, म्हणून दुपारी त्याला पुन्हा सोडलं. गिरीशच्याच जामिनावर.

आता गिरीश शब्दावर विसंबणार नव्हता. त्याने सारंगला उचलून घरी आणलं आणि रेवाची खोली दिली. लेकीने सोफ्यावर पांघरूण ओढता ओढता विचारलं, "इज ही अंडर अरेस्ट, आई?" सारंग दूध आणायला निघाला की गिरीशही चपला घालायचा. सारंगला वहिनींच्या हातची थालीपीठं फार आवडली.

"तू जामीनदार आहेस का जेलर?" वृंदा म्हणाली. "जेलमध्ये निदान थालीपीठं दुसरं कोणी थापतं."

दुसऱ्या शुक्रवारी गिरीशने सारंगला दंडाला धरून ऐन राहुकाळात उंबरा ओलांडायला लावला. सारंगने उजवा पाय आधी टाकला आणि डोळे मिटून घेतले. गिरीशने भाषण तयार केलं होतं: तुम्हाला नि आम्हाला हे कायदे एकाच साहेबाने शिकवले, वगैरे. तो साहेबापर्यंत पोचला तोच बाईंनी त्याला थांबवलं आणि सारंगला विचारलं. सारंगने याही वेळी खरं तेच सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांची आजी म्हणे शनिवारी कुणाला घर बदलू द्यायची नाही. कोर्टात खसखस पिकली. पैसे जप्त झाले नाहीत.

मूळ खटला मात्र बाकी होता, तोवर जामीन तसाच राहणार होता. बाई मोठ्या समजूतदार. शुक्रवार नको, सकाळ नको, असं म्हणत त्यांनी पानं उलटली आणि एक मंगळवार शोधला. पंधरा डिसेंबर, दुपारी दोन. जमेल ना?

"ग्रँड, जज," गिरीश म्हणाला. आनंदाच्या भरात दोनदा म्हणाला.

बाहेर पार्किंगमध्ये तो सारंगच्या पाठीवर थापा मारत होता. वृंदा गाडीत बसली नाही, दाराशी उभी राहिली.

"पंधरा डिसेंबरला काय आहे?"

"सारंगची तारीख."

"आणखी?"

गिरीशने आधी सारंगकडे पाहिलं, मग कोर्टाच्या दाराकडे. न्यायाधीशबाई जेवायला चालल्या होत्या. त्यांनी ओळखीचं हसून मान हलवली.

"दादा, तुम्ही जा ना लग्नाला," सारंग म्हणाला. "मी येतो ना वेळेवर. माझा शब्द आहे."

वृंदा गाडीत बसली आणि तिने दार ओढून घेतलं.

तिकिटं शेवटी अभिजितने पाठवली. दोन. एअरपोर्टवर वृंदाने गिरीशला फ्रिजमध्ये काय काय आहे ते सांगितलं, आणि रेवाचा हात धरून आत गेली.

पंधरा तारखेला लग्नासाठी शिवलेला सिल्कचा कुर्ता कोटाच्या आत घालून गिरीश कोर्टात गेला. सारंग आधीच येऊन बसला होता. न्यायाधीशबाई आजारी होत्या. कारकुनाने पुढची तारीख दिली. शुक्रवार, सकाळी साडेदहा.