कवायतीतला अतिरेकी

चांगदेवांना अतिरेकी म्हणून पकडलं तेव्हा त्यांच्या पायात रबरी चपला होत्या आणि खिशात लवंगांची डबी. पकडणारा त्यांचा सख्खा पुतण्या, प्रज्योत. त्याने काकाचे हात मागे नेऊन गमछ्याने बांधले, तसे चांगदेव म्हणाले, "हळू रे. खांदा दुखतो माझा, तुला ठाऊक हाय."

"अतिरेक्याने बोलायचं न्हाय, आप्पा," प्रज्योत म्हणाला.

पकडणं अर्थातच खोटं होतं. सागरी सुरक्षेची ही कवायत वर्षातून दोनदा व्हायची. पोलिसांची माणसं साध्या कपड्यात होडीतून येत, किनाऱ्यावरच्या गावांनी त्यांना हेरायचं, अडवायचं आणि ठाण्याला कळवायचं. गावात या माणसांना 'डमी' म्हणत. डमीच्या काखेत एक पुठ्ठ्याचं खोकं असे आणि कोणाचा गैरसमज नको म्हणून त्यावर स्केचपेनने ठळक लिहिलेलं असे, 'बॉम्ब'. बोर्ली पंचतनपासून थोड्या अंतरावर, समुद्राला लागून हे गाव. इथल्या सुरक्षा दलाचा प्रमुख प्रज्योत, आणि एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले चांगदेव हे दलातले सगळ्यात जुने.

त्या दिवशी होडीतून येणाऱ्या एका शिपायाला बोट लागली. धक्क्यावरच ओकून तो आडवा झाला. ठाण्याच्या जमादारांनी त्याच्या बदली गावातला एक माणूस मागितला.

"यासीनचाचाला बसवा ना," अल्पेश म्हणाला. तो दलातला सगळ्यात तोंडाळ. "त्याला अनुभव हाय."

मोठा हशा झाला. यासीन कारभारीही हसला, दाढी खाजवत, जरा जास्तच वेळ. चांगदेवांची मुलगी नेत्रा चहाची किटली घेऊन तिथेच उभी होती. ती हसली नाही, पण तिने अल्पेशला गप्पही केलं नाही.

"मी बसतो," चांगदेव म्हणाले. "बघू दे तरी मला कोण पकडतोय."

यासीनला कसला अनुभव होता, ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्र्याण्णव साली या किनाऱ्यावर रात्री खोकी उतरली. तशी ती आधीही उतरायची, चांदी असायची, घड्याळं असायची. माल आला की गाव दारं लावून घ्यायचं. खिडकीची फळीही ओढून घ्यायचं. कोणाचा, कुठे चालला, कोणी विचारत नसे, तशी रीतच होती. त्या रात्री खोकी वाहायला विशीतला यासीन होता. त्याला चांदी म्हणून सांगितलं होतं. पुढे मुंबईत स्फोट झाले. मेलेल्यांत चांगदेवांचा धाकटा भाऊ होता, कोंडाजी, एका कचेरीत शिपाई. प्रज्योत त्याचा मुलगा, तेव्हा रांगत होता. यासीन तुरुंगात गेला आणि पिकलेली दाढी घेऊन परत आला. आता तो मिनीडोर रिक्षा चालवायचा, गाव ते बोर्ली. आणि रोज संध्याकाळी सुरूच्या बनाशी, समुद्राकडे तोंड करून, एका ओंडक्यावर चांगदेव आणि यासीन पहाऱ्याला बसायचे. शेजारी शेजारी.

नेत्राला ते बघवत नसे.

ती अलिबागच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची आणि शनिवार-रविवार गावी यायची. तिच्या वाचनाची सुरुवात कोंडाजीकाकामुळे झाली होती. तो कचेरीच्या रद्दीतली मासिकं बाजूला काढून सुट्टीत तिच्यासाठी आणायचा. पुढे तिने पुष्कळ वाचलं. दंगली, सूड, पैसा, सीमेपलीकडचे हात, विकले गेलेले पहारे, ही सगळी कारणं ती वर्गात शांतपणे उलगडून सांगायची. एखादा मुलगा म्हणाला, "मॅडम, सरळ गोळ्या घालायला पाहिजेत," तर त्याला ती पुढचा प्रश्न विचारायला लावायची. पण यासीन घरी आला की त्याचा चहा त्याच्या हातात न देता ओटीवर ठेवून आत निघून जायची. त्याला तिने कधी कुठल्या नात्याने हाक मारली नव्हती.

कवायत आटोपून चांगदेव घरी आले तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजले होते. नेत्राने टॉवेल दिला.

"तुम्ही कशाला बसलात होडीत?"

"मग कोण बसणार? तू?"

"थट्टा करू नका, बाबा. त्याच्यासाठी बसलात. ज्याचं त्याला ऐकू दे ना कधीतरी."

"ऐकतोय तो. रोज ऐकतोय. थट्टेत ऐकतोय." चांगदेवांनी पाय पुसले. "तू कॉलेजात कारणं शिकवतेस ना? ती पोरांना पटतात?"

"काहींना."

"आणि तुला? कारण कळल्यावर राग गेला तुझा?"

नेत्रा चहा गाळत राहिली. "नाही."

"माझाही न्हाय गेला." त्यांनी डबीतली लवंग तोंडात टाकली. "प्रज्योत म्हणतो, असल्या माणसाला किनाऱ्यावर पाऊल ठेवू देऊ नये. त्याचा बाप गेलाय, त्याने म्हणावं. तू म्हणतेस, मुळात जा. जावं की. पण त्या रात्री मुळात काय झालं, सांगू? गाव जागं होतं. सगळं गाव जागं होतं, आणि दारं लावून पडलं होतं. एकानं बाहेर येऊन विचारलं असतं, काय रे यासीन, खोक्यात काय हाय, तर तोही खोकं खाली ठेवून बघता झाला असता."

"नसता झाला तर?"

"तर न्हाय. पण विचारलं तर असतं."

"म्हणून त्याच्या शेजारी बसता?"

"तो माझ्या शेजारी बसतो," चांगदेव म्हणाले. "त्याला कोणी बसायला सांगितलेलं न्हाय. चहात आलं घातलंस का आज?"

"घातलंय."

"लागत न्हाय."

रात्री त्यांनी बांगड्याचं तिखलं आणि भाकरी खाल्ली, टीव्हीवरच्या वादात दोन्ही बाजूंच्या माणसांना शिव्या दिल्या आणि झोपले.

सकाळी ओटीवर बसून चपलांत पाय घालताना ते एका बाजूला कलले. नेत्राने हाक मारली, मग ओरडली. सगळ्यात आधी यासीनची मिनीडोर आली. बोर्लीपर्यंतच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. यासीन एका हाताने हॉर्न दाबत होता आणि मध्येच म्हणत होता, "चांगदेवदादा, आलंच बोर्ली. आलंच." डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला.

गावात कोणीतरी बोललं की म्हातारा यासीनच्या जागी पाण्यात उतरला आणि गेला. कोण बोललं ते कळलं नाही, पण प्रज्योतच्या तोंडून नेत्राने ते दोनदा ऐकलं. दहाव्याला यासीन खाडीकाठी लांब, नारळाच्या झाडाखाली उभा राहिला आणि लांबूनच परत गेला. नंतर एकदा तो घरी आला. नेत्राने चहा केला, नेहमीसारखा ओटीवर ठेवला. त्याने अर्धाच घेतला.

"ओंडक्यावर बसतो मी अजून," तो म्हणाला. "दादाची जागा सोडून बसतो."

ती कप उचलून आत गेली.

आंब्यांनी मोहोर धरला तशी पुढची कवायत आली. त्याच्या आधी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये दलाची बैठक होती. नेत्राला बाबांचं भगव्या रंगाचं जाकीट, शिट्टी आणि बॅटरी परत द्यायची होती, म्हणून ती गेली. जमादार पुढे खुर्चीवर होते. दलातले सगळे सतरंजीवर, आणि यासीन सतरंजीच्या बाहेर, दाराजवळ. आल्याबरोबर ठमाबाईंनी, मासळीबाजारातल्या बायकांच्या म्होरक्या त्या, तिला ओढून शेजारी बसवलं.

"वाळलीस गं," त्या कुजबुजल्या. "खातेस का न्हाय?"

जमादारांनी आवश्यक ते सांगितलं. मग प्रज्योत उभा राहिला.

"एक विषय हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "यासीनचाचाचं नाव दलातून काढावं. आप्पा होते तोवर मी बोललो न्हाय. आता बोलतो. मी माझा बाप फोटोतच बघितलाय. ज्या दर्यातून ते आलं, त्या दर्यावर पहारा द्यायला त्यातलाच माणूस? उद्या कोणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?"

"सांगायचं, अनुभवी हाय," अल्पेश पुटपुटला. दोघंतिघं फुसकन हसले.

"गप रे," ठमाबाई म्हणाल्या.

जमादारांनी चष्मा काढला. "हे बघा, यासीनची जबाबदारी चांगदेवांनी घेतली होती. शब्द दिला होता ठाण्यावर. आता ते नाहीत. गावातलं दुसरं कोणी शब्द देत असेल तर माझी काही हरकत नाही. नसेल तर प्रज्योत म्हणतोय तसं करावं लागेल."

कोणी सतरंजीचा धागा ओढत होतं, कोणी मोबाइलकडे बघत होतं. नेत्राने एकेकाकडे पाहिलं. यांतली निम्मी माणसं त्या रात्री आपापल्या घरात जागी होती. उरलेली त्यांची मुलं. कोणालाच यासीनबद्दल फार वाईट वाटत होतं असं नाही, त्याला घालवावं असंही नाही. नुसती खिडकीची फळी ओढून घेतली होती सगळ्यांनी. तिच्या ध्यानात आलं की तिचा स्वतःचा हातही त्याच फळीवर आहे, आणि इतकी वर्षं आहे.

यासीन गुडघ्यावर हात टेकून उठला. "राहू दे, साहेब. पोरगा काय खोटं बोलत न्हाय. माझी गाडी उन्हात उभी हाय, जातो मी."

"थांबा," नेत्रा म्हणाली.

तो दारात थांबला. ती उभी राहिली. बाबांचं जाकीट तिच्या हातात तसंच होतं.

"त्या रात्री तुम्ही खोकी उचललीत," ती म्हणाली. "त्यातला माल मुंबईला गेला. माझा कोंडाजीकाका त्यात मेला. प्रज्योतचा बाप."

अल्पेशने मान खाली घातली. आजवर या हॉलमध्ये चांदीच्या थट्टा झाल्या होत्या, अनुभवाच्या झाल्या होत्या. हे वाक्य कधी झालं नव्हतं.

"व्हय," यासीन म्हणाला.

"तुम्हाला चांदी म्हणून सांगितलं होतं, ते मला माहीत आहे. पण खोक्यात काय आहे, ते तुम्ही विचारलं नाहीत."

"न्हाय विचारलं." त्याने दाराची चौकट धरली. "तुरुंगात पयल्या रात्रीपासून तेच विचारतोय."

"या गावातल्या कोणीच विचारलं नाही."

"ताई, हे कशाला आता..." प्रज्योत म्हणाला.

"तुझं बोलून झालंय ना, प्रज्योत? तू बोललास ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असते तर तेच बोलले असते. मला माझं बोलू दे."

प्रज्योत खाली बसला. नेत्राने जमादारांकडे वळून पाहिलं.

"यांची जबाबदारी मी घेते. ठाण्यावर येऊन शब्द देते. शनिवार-रविवार बाबांच्या जागेवर मी बसेन, बाकीच्या दिवशी दलाने कोणाला तरी बसवावं. यांना एकट्याला बसवू नका."

जमादारांनी प्रज्योतकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कोंडाजीच्या फोटोकडे बघत होता. मयत सभासद आणि गावकऱ्यांच्या रांगेत तो फोटो पहिला होता, चांगदेवांचा शेवटचा. मग हो किंवा नाही म्हणण्याऐवजी प्रज्योत सरकला, आणि सतरंजीवर एका माणसापुरती जागा झाली.

यासीन मात्र दारातून हलला नाही. तो नेत्राकडे बघत होता. आपल्याला काय मिळालं, ते त्याला नीट कळलं नव्हतं, आणि कळल्याशिवाय आत यायचं नव्हतं.

नेत्राने भगवं जाकीट अंगात घातलं. ते तिला फार मोठं होत होतं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "बाबांनी केलं होतं की नाही, मला माहीत नाही, मी त्यांना विचारलं नाही. मला अजून जमत नाही. पण आत या, यासीनचाचा. बसा."