पुस्तक आईला अर्पण

लेकीनं आईचा सुजलेला पाय बुटात कोंबला, तशी आई कळवळली.

"राहू दे का मग? नको जायला."

"न जायला काय झालं? पुस्तक मला अर्पण केलंय त्यानं. मागे तोच बोलून गेलाय. दुसरा बूट आण."

वर्षभरात आई आधाराशिवाय उभी राहिली नव्हती. डोळेही गेल्यात जमा होते. कान मात्र असे तिखट, की शेजारच्या घरातली कुजबुजसुद्धा सुटत नसे. सकाळी दादाचा फोन आला, तोही तिनं पलंगावरून अख्खा ऐकला होता.

"आईला प्रकाशनाला आणू नकोस," दादा म्हणाला होता. "गर्दी असते. दगदग होईल तिला."

म्हणे दगदग! बारा महिने तिची उठबस मी करते आणि काळजी याला, असं अगदी लेकीच्या जिभेवर आलं होतं. पण तिनं नुसता फोन ठेवला. आई तेवढ्यानंच हट्टाला पेटली.

दादा प्राध्यापक. जुन्या महाकाव्यांतले राजे आणि वीर मरण चुकवायला कुठं कुठं गेले, या एका विषयात त्यानं उभी हयात घातली. कुणी समुद्र ओलांडला, कुणी पाताळात उतरला, कुणी थेट देवांशी भांडला.

टॅक्सीत आई म्हणाली, "एवढे राजे हिंडले, सापडलं का गं कुणाला?"

"नाही म्हणतो दादा."

"मग इतकं जाड पुस्तक कशाला?" आई स्वतःच हसली. "लहानपणी मीच सांगायचे त्याला या गोष्टी. राजा रिकाम्या हातानं परतला की हा भोकाड पसरायचा. मग मी मिळवून द्यायचे राजाला ती अमर करणारी मुळी. आपलं काय जातंय?"

सभागृह भरलं होतं. चाकाची खुर्ची मधल्या वाटेत लावून लेकीनं टेबलावरून एक प्रत आणली. आईला वाचून दाखवावं म्हणून पहिलं पान उघडलं.

'दिवंगत आईच्या स्मृतीस.'

लेकीनं प्रत मिटली. तीन वर्षांपूर्वी आईला ऑक्सिजन लावला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. दादा दोन दिवस येऊन बसला होता, मांडीवर पुस्तकाची कच्ची पानं घेऊन. तेव्हाच लिहिलं असणार. पुढं आई वाचली, ओळ तशीच राहिली. आणि हे त्याला ठाऊक होतं. नाहीतर सकाळी फोन कशाला केला असता? आई इथं जिवंत दिसेल, याचीच त्याला धास्ती होती. मेल्या, तुला लाज कशी वाटली नाही, असं तिला ओरडावंसं वाटलं.

"वाच की," आई म्हणाली.

"आई, घरी जाऊ. मला बरं वाटत नाहीये."

पण मागं माणसं दाटीनं उभी होती, खुर्ची वळवायला जागा नव्हती. दादाचं भाषण सुरू झालं. अमर व्हायला निघालेला प्रत्येक वीर शेवटी रिकाम्या हातानं घरी येतो, असं म्हणून त्यानं ते संपवलं. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक घेतला.

"सरांनी हे पुस्तक त्यांच्या दिवंगत आईंना अर्पण केलं आहे. त्यांच्यासाठी आपण एक मिनिट उभं राहू या."

दादानं काहीतरी सांगायला हात उचलला. तेवढ्यात त्याची नजर मधल्या वाटेवर गेली. हात तसाच खाली आला. त्यानं मान खाली घातली आणि डोळे मिटले.

सगळे उभे राहिले. लेकीला आईकडे पाहवेना. आईचा हात चाचपडत आला आणि त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"मला उभं कर."

"आई, अगं... दादानं तर डोळेच मिटलेत."

"सगळे उभे आहेत ना? कर म्हणते ना."

लेकीनं काखेत हात घालून तिला उठवलं. आईचा सगळा भार लेकीच्या खांद्यावर आला. तरी मान ताठ होती.

मिनिट संपलं. खुर्च्या करकरल्या, माणसं बसली. पुढच्या रांगेतली दोघं-तिघं मागं वळून पाहू लागली.

"बस आता, आई."

"त्यानं डोळे उघडले का?"

"नाही अजून."

"मग थांबू," आई म्हणाली.