दव दिसलं

"दव दिसलं की नवऱ्याला मागून कळव, आधी मला हाक मार," असं तळमजल्यावरच्या ओक-बुन आजी म्हणाल्या, तेव्हा मी गोड हसले. त्यांनी जन्मभर बाजारात किमची विकली. माझ्याकडे पदवी होती, कळा मोजणारं ॲप होतं आणि साठ हजार आयांचा ऑनलाइन गट होता.

अडतिसाव्या आठवड्यात एका सकाळी गुलाबी, चिकट असं काहीतरी दिसलं. बाळंतपण जवळ आल्याच्या या खुणेला आमच्या भाषेत दवच म्हणतात. एवढा नाजूक शब्द ज्याने शोधला, त्याला ते कधी पुसावं लागलं नसणार. मी ग्यू-होला निरोप धाडला: दव दिसलं. माझा नवरा स्ट्रॉबेरीच्या हरितगृहात व्यवस्थापक. पानांवरचं दव त्याचा हाडवैरी. उत्तर लगेच आलं: "बाल्कनीची खिडकी उघड. नऊपर्यंत सुकेल."

चार वर्षं कॉलेजात याच माणसाच्या वह्या मी उतरवून घेत होते.

आठ वाजता पाय ओले झाले. मग पोट आवळायला लागलं. दर कळेला मी बटण दाबत होते. ॲप म्हणालं, अंतर अनियमित, या खोट्या कळा, आराम करा. पाण्याचं गटावर विचारलं. 'जुळ्यांची राणी' असं नाव घेतलेली एक विदुषी म्हणाली, शेवटच्या महिन्यात सगळ्यांनाच लघवी गळते गं, त्यापेक्षा मांस खाऊन घे, पुढे महिनाभर नुसतं बाळंतिणीचं समुद्री शेवाळाचं सूप आहे. एवढं शास्त्र मला पुरलं. मी पॅड लावला आणि तव्यावर डुकराचं मांस टाकलं.

त्या वासाने आजी जिना चढून आल्या. मंगळवारी सकाळी दहाला मांस भाजणारी एकतर वेडी असते, नाहीतर दिवस भरलेली, म्हणाल्या. मी ॲप पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारून पॅड मागितला आणि हुंगला.

"हे मूत नाही, पोरी. पाणमोट फुटलीय. कधीपासून?"

"आठपासून. पण ॲप म्हणतंय…"

"ॲप बाळंत होणारे का?"

गॅस त्यांनीच बंद केला, रुग्णवाहिकाही त्यांनीच बोलावली. दवाखान्यात बाळाचे ठोके मंदावलेले निघाले. पोट फाडून मुलगी काढली. आणखी तासभर मी मांस परतत बसले असते तर ती हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. ग्यू-हो स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आला. संध्याकाळी ॲपने विचारलं: दुपारपासून एकही कळ नोंदवली नाहीत, सगळं ठीक?

आजी आता लेकीकडे राहायला गेल्या. वरच्या मजल्यावरच्या से-रिनला नववा लागलाय. काल तिला पाण्याचं सांगितलं, तर ती गोड हसली, हातात फोन धरून. ते हसू माझंच आहे. तिच्याकडे मी रोज जाते. तुमच्या जिन्यातही अशी एक असेल. आजच तिचं दार वाजवा. काही ओलं लागतंय का, विचारा; हो म्हणाली तर तिच्या फोनकडे न बघता तिला घेऊन निघा.