थांबलेला पंखा

मी एक जुना लाकडी पंखा आहे, मित्रांनो, पण छताला लटकणाऱ्यांतला नव्हे. मी एका लहान विमानाच्या नाकावर असे. ते विमान कारखान्यात झालेले नव्हते. एका सुताराने ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधले होते. माझी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. थांबलेला असतो तेव्हा मी सगळ्यांना दिसतो. जोरात फिरू लागलो की नाहीसा होतो, आणि माझ्या जागी नुसती हवा थरथरताना दिसते. त्या वेळी मी कुठे जातो, हे मला आजपर्यंत कळलेले नाही.

सुतार दिवसा लोकांची दारे आणि कपाटे करी आणि उरलेला वेळ विमानाला देई. पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून त्याने माझा ठोकळा केला, मग रंध्याने आणि काचकागदाने मला आकार दिला. मला मधोमध टांगून तो पाहत बसे. एक पाते जरा खाली झुकले की दुसऱ्यावर वार्निशचा हात फिरवी. विमानाच्या पंखांवरचे कापड त्याच्या बहिणीने शिवले. तिचा शिवणकामाचा धंदा होता. ती म्हणे, "दादा, जन्मभर लोकांच्या पोरांची झबली शिवली. आता तुझ्या विमानाचं बाळंतपणही माझ्याच वाट्याला."

शेजारी कुंपणावरून विचारत, "सुतारबुवा, कपाटाला पंख फुटले का?"

"फुटले ना," तो रंधा न थांबवता म्हणे. "तुमचंच कपाट आहे ते. उडून येईल घरी."

विमान उडाले तेव्हा तेच शेजारी टाळ्या वाजवत होते. गावाबाहेरच्या गवताळ मैदानावर असे छंदी लोक जमत. कोणी घरी बांधलेली विमाने आणी, तर कोणी हातावर मावतील अशी मॉडेले. मॉडेलवाल्यांत एक घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. त्यांनी आमच्या विमानाचे हुबेहूब मॉडेल केले. त्याच्या नाकावर बोटाएवढा पंखा होता, माझ्यासारखाच, माझ्याच लाकडाच्या तुकड्याचा. त्याच्याकडे पाहिले की फार लांबून कोणीतरी आपल्याकडे टक लावून बघते आहे, असे मला वाटे.

आमच्या इंजिनाला आपोआप सुरू होण्याची सोय नव्हती. कोणीतरी पुढे उभे राहून मला हाताने फिरवावे लागे. ते काम सुताराच्या मुलीचे. बाप विमानात चालकाच्या बैठकीत बसे. ती विचारी, "स्विच बंद?" तो म्हणे, "बंद." मग ती इंजिनात पेट्रोल ओढण्यासाठी मला सावकाश फिरवी. नंतर मागे सरून विचारी, "चालू?" तो म्हणे, "चालू." मग ती मला झटका देऊन बाजूला होई, आणि मी नाहीसा होत असे. बापलेकींचा सकाळपासून अबोला असला, तरी हे शब्द बोलल्यावाचून कोणी मला हात लावीत नसे.

एका रविवारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"स्विच बंद?"

उत्तर आले नाही.

"बाबा, रुसलात का?"

तरीही उत्तर आले नाही. तिने मला हात लावला नाही. ती बाजूने वळून आत पाहायला गेली. बाप पट्टा बांधून ताठ बसला होता. बोट स्विचवर होते आणि डोळे मैदानाकडे उघडे होते. हृदय बंद पडले, असे डॉक्टर म्हणाले. तिने विचारले त्या क्षणी तो होता की नव्हता, हे कोणालाच सांगता आले नाही.

मग विमान शेडमध्ये परत आले आणि शेडला कुलूप लागले. माझ्यावर धूळ बसली, गांधीलमाशीने माझ्या पाठीशी घर केले. भर दुपारी कधी कधी आतली बैठक कुरकुरे, कोणी अंग टाकल्यावर कुरकुरावी तशी. पत्रा तापल्यामुळे असेल. पत्रा रोजच तापत असे, बैठक मात्र रविवारीच कुरकुरे.

सुताराची बहीण पोरीला म्हणे, "मोडून टाक ते. दादा त्यात बसून गेला. आता ते तुझी वाट बघतंय."

"आत्या, लाकूड आहे गं ते."

"लाकूडच आहे, म्हणून तर सांगते. लाकडाला घाई नसते."

पण मुलीला उडायचे होते. विमान चालवायला ती बापाकडूनच शिकली होती. बापाच्या हातचे विमान गंजून मेले असे कोणी म्हणू नये, एवढेच तिच्या मनात होते. तिने मला पुसले, माझे बोल्ट आवळले, इंजिन साफ केले. एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली. आमच्या इंजिनाची उलटी खोड अशी की ते बंद ठेवायलाही एक तार लागते. ती तुटली तर स्विच बंद दिसतो आणि इंजिन आत जागेच राहते. ती तार उंदराने कुरतडली होती.

मैदानावर घड्याळकाका बैठकीत बसले. इंजिन सुरू झाले की ते उतरणार आणि ती चढणार, असे ठरले होते. आत्या येणार नाही म्हणाली होती, पण येऊन पंखाशी उभी होती.

"काका, उत्तर मिळाल्याशिवाय मी हात लावणार नाही हं."

"अगं, जन्मभर लोक मला किती वाजले विचारत आले. उत्तर द्यायची सवय आहे मला."

ती माझ्यासमोर आली. "स्विच बंद?"

"बंद," घड्याळकाका म्हणाले.

तिने दोन्ही तळवे माझ्या पात्यावर ठेवले. आता सावकाश फिरवायचे म्हणून ती माझ्याकडे झुकली. मित्रांनो, मला ठाऊक होते. माझ्या पाठीमागे काहीतरी डोळे उघडे ठेवून दबा धरून बसले होते. मला ओरडायचे होते, पण मला तोंड नाही.

तेवढ्यात बैठकीतून दुसरा आवाज आला. शांत, खिळा वाकडा ठोकल्यावर सांगावे तसा.

"चालू आहे."

तिने हात काढून घेतले.

"काका, चेष्टा करू नका."

"मी बंद म्हणालो."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मी काही बोललो नाही." मग ते हळूच म्हणाले, "पण ऐकलं."

आत्या मटकन गवतात बसली होती. "दादाला सर्दी झाली की असाच आवाज यायचा," ती म्हणाली.

मुलगी मात्र पळाली नाही. चाकांना ठोकळे लावलेलेच होते. तिने शेपूट खुंटाला बांधले, मैदानाच्या कडेला मॉडेलवाल्यांची खोली होती, तिथून जळमटे काढायचा लांब दांडा आणला आणि बाजूला लांब उभी राहून त्याने मला ढकलले. इंजिन खेकसले. मी नाहीसा झालो. परत आलो तेव्हा इंजिन पुन्हा गप्प होते आणि अर्धा दांडा दूर गवतात पडला होता. स्विच बंदच होता. काकांचा अंगठा अजून त्याच्यावर होता.

तार सापडली, जोडली गेली. तिने पुन्हा विचारले. या वेळी एकच उत्तर आले, घड्याळकाकांचे. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणखी कोणी बोलेल म्हणून. मग तिने मला फिरवले, आणि त्या दुपारी आम्ही उडालो.

पुढे मी पुष्कळ वर्षे उडालो. अखेर बोल्टच्या भोकाशी मला चीर गेली, म्हणून मला उतरवून मॉडेलवाल्यांच्या खोलीत भिंतीवर टांगले. मुले येतात, माझ्या पात्यावरून बोटे फिरवतात. माझ्या मागे आता इंजिन नाही, तरी माझा जीव गोळा होतो. तो आवाज कोणाचा होता, मला माहीत नाही. कधी वाटते, मी नाहीसा होऊन जिथे जात असे, तिथूनच तो आला असेल.

तर मित्रांनो, थांबलेल्या यंत्राला मेलेले समजू नका. त्याच्या तारा तपासा, हात लावण्याआधी मोठ्याने विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर कोणी दिले, हे मागाहून शोधता येते. हात मागाहून मिळत नाहीत.